एका चाकाची किंमत

पनवेल हे चाकांचे गाव आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये ह्या गावाचा मुख्य धंदा म्हणून गाड्या बांधण्याच्या कामाची नोंद आहे. बोरघाट उतरून आलेला देशावरचा गाडीवान परत फिरताना निदान चाकांची एक जोडी तरी पनवेलहून घेऊन जात असे, असे तेथे नमूद केले आहे. खाडीवरच्या बंदरात तांदूळ आणि मीठ चढत-उतरत असे आणि गावात सुतारांचे वाकस चालत असत. ते सुतार गेले, बंदर गाळाने भरले. पण चाकांनी गाव सोडले नाही. कळंबोलीत मालमोटारींची गर्दी असते, तेथूनच २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग पुण्याकडे धावतो, रेल्वेचे फाटे चहूकडे फुटले आहेत आणि २०२५ साली तालुक्याच्या भूमीवर विमानतळाचेही उद्घाटन झाले. अशा ह्या गावात गेल्या वर्षी आम्ही एक चाक शोधीत होतो. जोडी नव्हे, एकच.

हा शोध आमचा स्वतःचा नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने एकचाकी सायकलीवर आरूढ व्हावे अशी अपेक्षा आमचे धर्मग्राम अद्याप करीत नाही. शोध होता आमच्या एका वेदीसेवक मुलाचा. वय चौदा. वडील वसईकडचे, रिक्षा चालवणारे. आई घरी शिवणकाम करते. वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे रिक्षा कित्येक महिने दारात उभी राहिली होती आणि घराला कर्जाची झळ बसली होती. ह्या मुलाने एका सर्कशीत एका चाकावरून सफाईने फिरणारा कलावंत पाहिला आणि त्याच्या मनाने ते चाक धरले. दोन नाताळांच्या हंगामांत चुलत भावंडांबरोबर बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद ह्यांचे तारे करून त्याने ते घरोघर विकले. त्याच्या वाट्याला चार हजार दोनशे रुपये आले. ते एका जुन्या पाकिटात घालून रविवारच्या मिस्सानंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही बरोबर चला. मी एकटा गेलो की दुकानदार हसतात."

बातमी आमच्या आधी धर्मग्राम समितीत पोचली. समितीतले एक ज्येष्ठ सभासद, आयुष्यभर बँकेत हिशेब सांभाळलेले आणि ह्या कुटुंबाला अडचणीच्या काळी मदत केलेले गृहस्थ, आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. "फादर, शाळा त्याच्या घरापासून अडीच किलोमीटर आहे. चांगली दोनचाकी सायकल घेऊ द्या. रिक्षाचे पैसे वाचतील, आईला बाजारहाट होईल. एका चाकाला ना कॅरिअर, ना घंटी, ना मागे कुणाला बसवायची सोय. गरिबाने खेळण्यावर इतके पैसे घालवावेत काय?" प्रश्न रास्त होता. गरिबाचा पैसा कसा खर्च व्हावा, ह्याविषयी आपणां सर्वांना पुष्कळ कळते. श्रीमंताच्या पैशाविषयी आपण एवढे बोलत नाही, ही गोष्ट निराळी.

आम्ही मुलाच्या आईकडे गेलो. शिवणयंत्रावरचे काम न थांबवता तिने ऐकून घेतले. मग धागा दातांनी तोडून ती म्हणाली, "दोन चाकांची घेतली तर ती घरची होईल, फादर. मीच उद्या त्याला पिठाच्या गिरणीत पाठवीन. एका चाकाची घेतली तर ती त्याची राहील." आणि पुन्हा यंत्र सुरू झाले.

सेमिनरीतल्या नीतिशास्त्राच्या वर्गात गरज आणि चैन ह्यांच्यातील भेद आम्हांस शिकवला होता. त्या भेदात न बसणारी एक तिसरी गोष्ट त्या शिवणयंत्रापाशी आमच्या कानी आली. ज्या घरात प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या कामाची असते, त्या घरात मुलाला आपले म्हणावे असे काही उरत नाही. त्याचा वेळ घराचा, त्याचे पाय घराचे, त्याची सायकलही घराचीच. ह्यात वाईट काही नाही. असेच प्रेम करीत गरिबांची घरे उभी राहतात. परंतु ज्या वस्तूचा दुसऱ्या कुणालाही उपयोग नाही, तीच काय ती अशा घरात निर्वेधपणे मुलाची होऊ शकते, हे त्या माउलीने ओळखले होते.

येथे वाचकांना बेथानीचे घर आठवेल. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मरियेने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हिशेब मांडला तो यहूदाने. तीनशे दीनार! एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. गोरगरिबांना दिले असते तर, असे तो म्हणाला. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. ह्या प्रसंगाचा आधार घेऊन आम्ही धर्मगुरूंनी वेळोवेळी पुष्कळ संगमरवर आणि झुंबरे खरेदी केली आहेत, हे मान्य करावयास हवे; पण कथेचा रोख तिकडे नाही. मरियेने कुणा दुसऱ्याच्या पैशाने तेल आणले नव्हते. जे होते ते तिचे होते आणि ते कशावर ओतावे हे तिचे तिने ठरवले होते. हिशेबी माणसाला त्या स्वातंत्र्यात हात घालू न देणे, एवढेच प्रभूने केले. आमच्यापुढचा प्रश्नही तेवढाच होता. पैसे मुलाचे होते आणि कष्टाचे होते. ते योग्य वस्तूवर पडतात की नाही, हे पाहण्याचे काम मात्र आम्ही पत्करले.

एकचाकी सायकल ही वस्तू दिसते त्याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. १८७०-८० च्या काळात युरोपात पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे अशी उंच सायकल प्रचारात होती. जोराने थांबले वा पायडलावर भार दिला की तिचे मागचे चाक उचलले जाई, आणि काही धाडसी स्वारांच्या लक्षात आले की त्याच्यावाचूनही क्षणभर चालता येते. एकचाकीचा जन्म बहुधा असा झाला. तिला साखळी नाही, हँडल नाही. पायडलांच्या दांड्या, म्हणजे क्रँक, थेट चाकाच्या आसालाच बसवलेल्या असतात. त्यामुळे चाक फिरले की पाय फिरणारच, आणि पाय थांबले की चाकही थांबणार. साध्या सायकलीवर उतार लागला की पाय स्वस्थ ठेवता येतात. येथे ती सवलत नाही. उतारावरही पायांनी चाकाला आवरीत राहावे लागते.

तिच्यावर तोल सांभाळणे म्हणजे स्थिर राहणे नव्हे. स्वार सतत पुढे पडत असतो आणि पडणाऱ्या शरीराच्या खाली चाक नेऊन ठेवीत असतो. जो अगदी न पडण्याचा निश्चय करून ताठ बसतो, तो प्रथम पडतो. तीस वर्षे पापनिवेदन ऐकल्यानंतर आम्हांस हे तत्त्व अनोळखी वाटले नाही.

सर्कशीचा हा खेळ आता केवळ सर्कशीचा राहिलेला नाही. १९८२ साली आंतरराष्ट्रीय एकचाकी सायकल महासंघ स्थापन झाला आणि १९८४ पासून जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. जपानमध्ये १९८९ च्या अभ्यासक्रमापासून प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणात एकचाकीला स्थान मिळाले. तेथे शाळेच्या पटांगणावर लहान मुली हातांत हात घालून ती चालवतात. एड प्रॅट ह्या ऐन विशीतल्या इंग्रज तरुणाने २०१५ ते २०१८ ह्या काळात ३६ इंची चाकावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे सारे त्या मुलाने आम्हांस सांगितले, आणि आम्ही पडताळून पाहिले.

आता खरेदीविषयी. हा भाग कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून थोडा विस्ताराने लिहितो.

पनवेलच्या सायकल दुकानांत आम्हांस एकच उत्तर मिळाले : मागवून देऊ, पण पैसे आधी. परदेशी बनावटीच्या चांगल्या नव्या एकचाकीची किंमत मुलाच्या पाकिटाच्या दुपटीहून अधिक होती. त्या पाकिटात बसणारी एक स्वस्त नवी एकचाकी टपालाने मागवता येत होती. ओळखीच्या एका कुटुंबाने तसलीच घेतलेली होती. ती आम्ही पाहून आलो. रंग झळझळीत होता, पण आठवडाभरात तिची क्रँक आसावर डुगडुगू लागली होती, आणि तो भाग सुटा मिळत नसल्याने ती बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या कामी आली होती. तिसरा मार्ग एका वेल्डिंगवाल्याने सुचवला : जुन्या सायकलीचे चाक आणि चिमटा घेऊन तो जोडून देणार होता. हे वाटते तितके सोपे नाही. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते, ते एकाच दिशेला पकडते; आणि पुढच्या चाकाच्या आसाला क्रँक बसवण्याची सोयच नसते. पक्का आस आणि पक्का हब ह्यांवर साऱ्या स्वाराचा भार व साऱ्या पायांचा जोर येतो. तेथे कच्चे वेल्डिंग म्हणजे मोडलेले मनगट.

ह्या भटकंतीत आम्हांस जे शिकावयास मिळाले ते असे. शिकणाऱ्यासाठी २० इंची चाक योग्य. २४ इंची चाक थोडे अंतर कापण्यासाठी बरे, आणि त्याहून मोठे चाक सरावलेल्या माणसासाठी. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट उंच हवी. उंच सीट भीतिदायक वाटते म्हणून ती खाली करणारे मूल लवकर थकते. जुनी वस्तू घेताना एक क्रँक हाताने घट्ट धरून दुसरी हलवून पाहावी. मध्ये खेळ जाणवला तर ती तशी घेऊ नये. चाक उचलून फिरवावे आणि ते चिमट्याच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर फिरते का ते पाहावे. रिमचा थोडा आऊट कोणताही मिस्त्री काढून देतो. पण आसच वाकला असेल तर त्याला उपाय नाही. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. एकचाकी पुढूनमागून सारखीच दिसत असल्याने सीट उलटी बसवून चालवली, तर चालवता चालवता पायडले आपोआप सैल होत जातात. डावे-उजवे पाहूनच बसावे.

नवे महाग, स्वस्त नवे फसवे आणि घरी केलेले धोक्याचे. उरले ते जुने. परंतु जुनी एकचाकी मिळणार कोठे? येथे आम्हांस महाराष्ट्राचा इतिहास कामी आला.

भारतीय सर्कशीचा जन्म मराठी भूमीतला. कुरुंदवाड संस्थानात अश्वविद्येचे काम पाहणारे विष्णुपंत छत्रे ह्यांनी मुंबईत किआरिनी ह्या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली आणि १८८० साली स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे देवल, कार्लेकर अशी नावे तंबूंवर झळकली. छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळातील तलशेरीस पोचली आणि तेथील कीलेरी कुञ्ञिकण्णन ह्या कसरतविद्येच्या शिक्षकाने १९०१ साली सर्कशीची शाळा काढली. सांगली, मिरज, तासगाव, म्हैसाळ ह्या कृष्णाकाठच्या टापूत मात्र सर्कशीत आयुष्य घालवलेल्या माणसांची घरे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या भागात सेवा केलेल्या आमच्या एका धर्मगुरुबंधूंना आम्ही विचारले, आणि त्यांनी मिरजेतील एका वृद्ध स्त्रीचा ठावठिकाणा दिला. त्या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ सर्कशीत एक चाक चालवले होते, आणि ते त्यांच्यापाशी अजून होते.

मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन आम्ही एस.टी.ने मिरज गाठले. वडील आता हिंडूफिरू लागले होते. घर लहान, सारवलेले अंगण. बाईंची उंची बेताची, पण पाठ ताठ. सत्तरीच्या स्त्रीची अशी पाठ आम्ही पाहिलेली नाही. चाक माळ्यावरून काढून ठेवलेले होते. रंग उडालेला, सीटचे चामडे तडकलेले, टायर विटलेला. सर्कशीतल्याच मिस्त्रीने फार वर्षांपूर्वी बनवलेले. क्रँक जुन्या पद्धतीच्या, कॉटर पिनेने बसवलेल्या. आम्ही मनातल्या मनात हब आणि आस पाहू लागलो. बाई चाकाकडे पाहत नव्हत्या. त्या मुलाकडे पाहत होत्या.

"ह्याला कुणी धाडलंय, का आपल्या मनानं आलाय?" त्यांनी आम्हांस विचारले.

आपल्या मनाने आला आहे, असे आम्ही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी वडिलांना विचारले, हा खेळ करून पैसे मिळवायचे आहेत का. वडील गोंधळून नाही म्हणाले. मग त्यांनी मुलालाच जवळ बोलावले. "पोरा, तुला कशाला पायजे ह्ये?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, मजा वाटते."

त्या वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला हसू म्हणावे की आणखी काही, हे आम्हांस सांगता येणार नाही. सातव्या वर्षी त्यांना मामाने सर्कशीत सोडले होते. आठव्या वर्षी त्या ह्या चाकावर बसल्या. पडले की छडी, आणि न पडले की भात. मजा वाटते काय, हे त्यांना कुणी विचारले नव्हते. आणि त्यांनीही हे सारे सांगताना कुणाला दोष दिला नाही. पुढे त्यांनी मान मिळवला, पोट भरले, भावाच्या मुलींची लग्ने केली. "चाकानं खाऊ घातलं," असे त्या म्हणाल्या. पण सर्कस सोडल्यानंतर त्या एकदाही त्यावर बसल्या नव्हत्या.

सर्कशीच्या ऱ्हासाबद्दल आपल्याकडे हळहळीने बोलले जाते. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे रिंगणातून गेली. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना सर्कशीत कामास ठेवण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला, तेव्हा हाडे कोवळी असताना शिकल्यावाचून ही विद्या येत नाही, आता ती लोपणार, असे अनेकांना वाटले. विद्या लोपू नये हे खरेच. पण मिरजेच्या त्या अंगणात आमच्यासमोर दोन बालपणे उभी होती : एक त्या चाकाने हिरावून घेतलेले, दुसरे त्याच चाकाकडे हात पसरून आलेले. चाक तेच होते. फरक एवढाच होता, की एका बालकाला धाडले होते आणि दुसरे आपल्या पायांनी आले होते. मुक्ती हा शब्द आम्ही प्रवचनांतून हजारो वेळा उच्चारला असेल. त्याचा अर्थ इतक्या कमी शब्दांत आम्हांस कुणी विचारला नव्हता.

किंमत विचारताच बाई म्हणाल्या, पंधराशे. ती कमी आहे असे आम्हांस वाटले आणि आम्ही तसे बोललो. त्यांनी हात हलवला. "फुकट दिलं तर पोरगं इसरंल. त्याच्या कमाईचं घेऊ द्या." मग त्यांनी एक अट घातली. "म्या हे चाक गोलच फिरवलं. सरळ कधी गेलेच न्हाई. लेकरा, तू सरळ ने."

ह्या अटीचा अर्थ पुरता कळण्यास एक माहिती हवी. फिलिप अॅस्टले ह्या घोडेस्वाराने १७६८ साली लंडनमध्ये आधुनिक सर्कशीचा पाया घातला. दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहण्यास सोयीचे म्हणून त्याने पुढे ४२ फूट व्यासाचे रिंगण ठरवले. जगभरच्या सर्कशींनी तेच माप पुढे चालवले. असल्या रिंगणाचा घेर जेमतेम १३२ फूट भरतो. तीस वर्षे, दिवसाला दोन-दोन, तीन-तीन खेळ. कित्येक मैल त्या बाई चालल्या असतील, आणि निघाल्या त्याच ठिकाणी परत आल्या असतील.

पनवेलला परतल्यावर जुन्या बाजारपेठेतल्या एका सायकल मिस्त्रीकडे आम्ही चाक नेले. त्याने ते उलटे-सुलटे करून पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : "फादर, लोखंड खरे आहे." हबच्या गोळ्या बदलल्या, ग्रीस भरले, दोन तारा नव्या घातल्या, रिमचा आऊट काढला. २० इंची टायर आणि ट्यूब लहान मुलांच्या सायकलीचीच लागली. झिजलेल्या कॉटर पिनांच्या जागी नव्या ठोकल्या. त्या कोणत्याही खेड्यातल्या सायकल दुकानात मिळतात. सीटला रेक्झिन चढवले मुलाच्या आईने. सारे मिळून खर्च सातशेच्या आत राहिला. उरलेल्या पैशांतून हेल्मेट आणि गुडघ्यांचे, मनगटांचे पट्टे घेतले, आणि तरीही पाकीट पूर्ण रिकामे झाले नाही.

परवडणे ह्या शब्दाचा अर्थ आम्ही तेव्हा नव्याने शिकलो. कमी पैशांत मिळते ते परवडते, असे आपण समजतो. वस्तुतः जे मोडल्यावर आपल्या गावात, आपल्या माणसांच्या हातून दुरुस्त होते, ते परवडते. गरिबाला स्वस्त वस्तू विकण्यात उपकार नाहीत; त्याला खोटी वस्तू न विकण्यात आहेत. नव्या रंगाखाली कच्चे लोखंड देणे ही चोरीच होय, आणि सातव्या आज्ञेत तिला सवलत दिलेली नाही.

शिकण्यास साधारण दहा-पंधरा तासांचा सराव लागतो, असे म्हणतात. ह्या मुलाला अधिक लागला. देवळामागच्या भिंतीला धरून तो रोज सायंकाळी अर्धा तास पडत असे. आम्ही सायंप्रार्थना म्हणत असताना चाक आपटल्याचा आवाज येई, आणि स्तोत्रांच्या दोन ओळींमध्ये आम्ही तो मोजीत असू. संत योहान बॉस्को ह्यांचे स्मरण ह्या दिवसांत आम्हांस वारंवार होई. १८१५ साली पीडमाँटमधील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा पोर जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ टक लावून पाही, घरी येऊन शिके, आणि मग गावकऱ्यांना जमवून दोरीवरून चालून दाखवी. तिकिटाचे मोल एकच : सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावयाची. त्या दोरीवरूनच तो हजारो मुलांच्या हृदयांत चालत गेला. आणि १६ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममध्ये जगभरच्या सर्कसवाल्यांना भेटीस बोलावले, तेव्हा त्यांनी त्यांच्या कामाला कमी लेखले नाही. आनंद आणि विस्मय वाटत फिरणारी माणसे म्हणून त्यांचा गौरव केला. मिरजेच्या आजींना आम्ही हे दूरध्वनीवर सांगितले. "पोपबाबा म्हणले व्हय?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पोरगं कुठवर आलं?"

पोरगे भिंतीपर्यंत आले होते. मग एके दिवशी भिंत सुटली. तीन फेरे, पाच फेरे, बारा फेरे. फेरे म्हणजे पायडलांचे. वर सांगितलेले बँकेतले सभासद एव्हाना फिरावयास म्हणून देवळाच्या आवारात येऊ लागले होते. ते काही बोलत नसत. मुलगा पडला की घड्याळाकडे पाहत. पुढे आमच्या ध्यानात आले की ते वेळ मोजीत नव्हते, आकडे टिपून ठेवीत होते. मुलगा किती लांब गेला हे तारीखवार त्यांच्या डायरीत लिहिलेले आहे. जुनी सवय चांगल्या कामाला लागली की असे होते.

आवार गोल फिरण्यास सोयीचे आहे. मध्ये फातिमा मातेचा पुतळा, भोवती फरसबंदी. कोणीही मूल सायकल घेऊन आले की आपोआप त्या पुतळ्याभोवती घिरट्या घालू लागते. हा मुलगा तसे करीत नसे. देवळाच्या पायरीपासून फाटकापर्यंत तो सरळ जाई, उतरे, चाक हातात उचलून परत पायरीशी येई आणि पुन्हा सरळ निघे. वळावयास शिकला तरी त्याने हा नेम मोडला नाही. इतर मुलांना ह्याचे कोडे वाटे. आम्हांस ते माहीत होते, पण आम्ही सांगितले नाही.

येशूजयंतीनंतरच्या आठवड्यात, सकाळच्या मिस्सानंतर रस्ता मोकळा असताना, तो फाटकापाशी पोचला तेव्हा उतरला नाही. सभासद महाशयांनी फाटक उघडून धरले होते. वडील रिक्षा घेऊन हळूहळू मागून निघाले, मागच्या वाहनांना अटकाव व्हावा म्हणून. दोन्ही हात पसरलेले, मान वर, तो मुलगा खांदा वसाहतीच्या सरळ रस्त्याने जाऊ लागला. लहान होत होत दिसेनासा झाला. आम्ही दूरध्वनी काढला आणि मिरजेचा क्रमांक लावला.